उचलणाऱ्यांची पाठ

अम्मा अब्बांच्या आधी जाईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अब्बा तीन वर्षं बाजेवर पडून होते. उजवं अंग गेलेलं, जीभ जड झालेली. मोहल्ल्यातले म्हातारे नमाजेहून परतताना आमच्या दारात थांबत आणि 'कसं आहे आता?' असं विचारत. अम्मा आतूनच सांगायची, 'बरं आहे.' तो प्रश्न अब्बांसाठी असायचा आणि उत्तरही अब्बांचंच असायचं. अम्मा कशी आहे हे त्या तीन वर्षांत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही.

आम्ही कागदी. कसब्यात, नदीच्या अंगाला आमची वस्ती. श्रीमंतांच्या सरकारी दफ्तराला लागणारा कागद आमच्यासारख्या घरांतून जायचा. जुने तागाचे दोर आणि फाटकी गोणपाटं चुन्यात मुरवायची, कुटायची, नदीवर नेऊन धुवायची आणि त्याचा लगदा जमिनीत खणलेल्या हौदात कालवायचा. मग हौदाच्या काठावर बसून, पुढे वाकून, साचा पाण्यात बुडवायचा आणि पाणी न डुचमळता सपाट वर उचलायचा. साचा म्हणजे बारीक काड्यांची चटई ताणलेली लाकडी चौकट. एकदा उचलला की एक कागद. दिवसात किती वेळा उचलायचो ते कधी मोजलं नाही. ओले कागद चुन्याच्या गुळगुळीत भिंतीवर कुंच्याने चिकटवायचं काम बायका करत. घोटून चकाकी आणायचं कामही बहुतेक त्यांच्याकडेच. घरात आम्ही दखनी बोलतो. मराठी लिहायला मी शिकलो ते दफ्तरातून कुजवण्यासाठी परत आलेल्या रद्दीवरून. अब्बांना ते आवडायचं. आपल्या कागदावर पुढे काय होतं ते कागद्याला ठाऊक असावं, असं त्यांचं मत होतं.

अब्बा लगदा धुवायला गेले होते तेव्हा नदीत कोसळले. सोबतच्या माणसांनी ओढून काढलं नसतं तर तिथेच संपले असते. त्या दिवसापासून अम्माने त्यांना कुणाच्या हाती दिलं नाही. पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं तिचं. मी हात लावायला गेलो की म्हणायची, 'तू हौद बघ.' मला ते सोयीचंही होतं, हे आज कबूल करायला हवं. जेवायला ती सगळ्यांच्या शेवटी बसायची आणि अब्बांच्या ताटलीत उरलेली पेज तिच्या जेवणात जमा व्हायची. बसल्या बसल्या डोळे मिटायची. आम्ही समजायचो, तसबीहचे मणी ओढते आहे.

हकीम दर आठवड्याला यायचे. अब्बांची नाडी बघायचे, जीभ बघायचे, तेल बदलून द्यायचे. अम्मा उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. तिचे पाय सुजून जोड्यात मावेनासे झाले होते आणि ती वर्षभर अनवाणीच वावरत होती. हे आम्हाला कळलं ते ती स्वयंपाकघरात पडली त्या दिवशी. हकिमांनी तिच्या पायावर बोट दाबलं. बोट काढल्यावरही खळगा तसाच राहिला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, 'हे आजचं नाही. मी आठवड्याला या घरात येत होतो. मला एकदा तरी सांगायचं.'

बाराव्या दिवशी ती गेली. जनाजा निघाला तेव्हा अब्बांना उशीला टेकवून बसवलं होतं. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं, उजव्यातून नेहमीच येत असे.

माझी मोठी बहीण, आपा, हडपसरला दिलेली. तिचा नवरा गावचा मुलाणी. आपा चाळिसाव्या दिवसापर्यंत राहिली आणि मग तिला जावं लागलं, तिच्या घरीही गुरं होती, सासू होती. आमची एकुलती मुलगी जुन्नरला सासरी. राहिलो मी, माझी बायको आणि अब्बा. काही ठरवलं नाही, बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अब्बांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचललं, एवढंच.

अब्बा आडव्या हाडाचे होते. पडून राहून अंग सुटलं होतं पण वजन कमी झालं नव्हतं. सकाळी उचलून बाजेवरून खाली बसवायचं, धुवायचं, परत वर घ्यायचं. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. रात्री कूस बदलायला उठायचं. मधल्या वेळात हौदावर बसायचं. सुरुवातीला मला वाटलं, माझी तर उचलण्यातच हयात गेली आहे. दोन महिन्यांनी कंबरेत डाव्या बाजूला काहीतरी ओढल्यासारखं झालं. मी उजव्या बाजूला कलून बसायला लागलो. ते माझ्या लक्षात आलं नाही, कागदाच्या लक्षात आलं.

दफ्तरातला कारकून कागद घेताना दस्ता हातात धरून कडेकडेने चाचपायचा. एकदा त्याने माझा दस्ता खाली ठेवला, एक कागद उजेडात धरला आणि म्हणाला, 'काय हो, हा कागद एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ. उतारावर लिहायचा आहे का?' बाकीचे कारकून हसले. मी घरी आलो आणि बायकोवर चिडलो, भिंतीवर लावताना कुंचा नीट फिरवत जा म्हणून. दोष कुंच्याचा नव्हता, साचा तिरका उचलला जात होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच मी हौदावर अडकलो. साचा बुडवला आणि वर येता येईना. दुखलं असं म्हणता येणार नाही. कुणीतरी कंबरेत खुंटी ठोकावी तसं झालं आणि पुढे हलायला जागाच उरली नाही. मी तसाच वाकलेला, हात लगद्यात. बायकोला हाक मारली. तिने शेजारच्यांना बोलावलं. चौघांनी मला तसाच मुडपलेला आत आणला आणि दुसरी बाज टाकून अब्बांच्या शेजारी ठेवला.

चार दिवस आम्ही बापलेक एका खोलीत दोन बाजांवर पडून होतो. बायको एकाला भरवून दुसऱ्याकडे वळायची. पहिल्या दिवशी अब्बा माझ्याकडे नुसते बघत राहिले. आजारी पडल्यापासून त्यांचा एकेक शब्द फार मेहनतीने यायचा, आणि तोंडातून निघेपर्यंत समोरच्याला थांबावं लागायचं. मी थांबलो. ते म्हणाले, 'आता... उचलणार... कोण?'

मला वाटलं ते स्वतःबद्दल विचारत आहेत. पण त्यांची मान माझ्या बाजूला वळलेली होती.

मला बघायला वस्ताद आले. आमच्या वस्तीपलीकडे त्यांची तालीम होती. पैलवानकी संपून वीस वर्षं झाली होती, कान मोडून चपटे झालेले, आता ते पोरांना शिकवायचे आणि निखळलेली हाडं बसवायचे. त्यांनी मला पालथं घातलं, अंगठ्याने कणा वरून खाली चाचपला आणि अब्बांना कसं उचलतो ते सांगायला लावलं. मी सांगितलं. ते म्हणाले, 'म्हणजे पाय सरळ ठेवून, कंबरेतून वाकून, लांबून ओढता. विहिरीतून बादली काढल्यासारखं.' मी हो म्हणालो. त्यांनी अंगठा तसाच ठेवून विचारलं, 'अम्मांनी किती वर्षं केलं?'

'तीन.'

'तुम्ही किती करायचं ठरवलंय?'

ते चेष्टा करत होते की खरंच विचारत होते, ते त्यांच्या बोलण्यावरून कधीच कळायचं नाही. तेल जिरवून झाल्यावर हात पुसत ते म्हणाले, 'ठरवा काहीतरी. तुमच्या घरात आजाऱ्याची तब्येत चांगली आहे. बाकीच्यांचं अवघड दिसतंय.' आणि निघून गेले.

त्या बाजेवर पडल्या पडल्या मला पहिल्यांदा असं वाटलं की हकिमांना विचारावं, अब्बा अजून किती वर्षं आहेत. हा विचार मनात आला आणि मला स्वतःची लाज वाटली. बापाच्या मरणाचा हिशेब विचारणारा मुलगा. पण पावसाळ्याचे चार महिने भिंतीवर कागद वाळत नाही म्हणून आम्ही हिवाळ्यातच तजवीज करून ठेवायचो. किती उरकायचं, किती घोटायला मागे ठेवायचं, हे महिने हातात धरूनच ठरायचं. मग घरातल्या माणसाबाबत महिने विचारण्यात पाप कसलं, असं मी स्वतःला समजावलं. हकीम आले तेव्हा त्यांना बाहेर अंगणात नेलं आणि विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'अल्लाहला ठाऊक. पण छाती चांगली आहे, भूक चांगली आहे. दहा वर्षंही काढतील.' दहा वर्षं. मी तेव्हा चाळिशीच्या पुढे होतो.

उभा राहता येऊ लागल्यावर मी पुन्हा वस्तादांकडे गेलो आणि त्यांना घरी घेऊन आलो. आल्या आल्या त्यांनी आमची बाज बघितली आणि चारही पायांखाली विटा रचायला सांगितल्या. बाज माझ्या कंबरेइतकी उंच झाली, तशी वाकायची अर्धी गरज संपली. मग त्यांनी तुळईला एक जाड दोर बांधून अब्बांच्या छातीवर येईल असा सोडला, शेवटाला गाठ मारून. डाव्या हाताने तो धरून अब्बांनी स्वतः थोडं उठायचं, उरलेलं मी करायचं. आणि मला शिकवलं, की आधी गुडघे वाकवायचे, माणूस छातीशी घ्यायचा, मग पायांनी उठायचं, पाठीने नाही. रोज सकाळी बैठका काढायच्या, थोड्याच, पण चुकवायच्या नाहीत. अब्बा दोराला हात लावायला तयार नव्हते. पहिले आठ दिवस त्यांनी मूठ वळून छातीवर ठेवली. वस्तादांनी त्यांच्या कानाशी जाऊन काय सांगितलं कोण जाणे. नवव्या दिवशी त्यांनी दोर धरला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच त्यांना फासाला लावतो आहे.

एवढ्यावर मी थांबलो नाही. दहा वर्षांच्या विचाराने मला घाईच झाली होती. मी ठरवलं की शुक्रवारी नमाज झाली की संध्याकाळपर्यंत घरी यायचं नाही. नदीवर बसेन, तालमीत बसेन, कुठेही. आणि दुसरं ठरवलं, की उन्हाळ्यात, आमचं काम सगळ्यात जोरात असतं तेव्हा, अब्बांनी दोन महिने आपाकडे हडपसरला राहायचं. आपाला निरोप पाठवला. ती लगेच तयार झाली. बायकोला सांगितलं तेव्हा ती कागद घोटत बसली होती. तिने ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाली आणि घोटत राहिली.

अब्बांना सांगायला मी तीन दिवस लावले. शेवटी पेज भरवता भरवता सांगितलं. त्यांनी तोंड मिटलं. चमचा ओठांना लावून मी थांबलो, ते थांबले. मग म्हणाले, 'टाकतोस?'

'टाकत नाही, अब्बा. दोन महिन्यांनी घ्यायला येतो. आपा तुमची मुलगीच आहे.'

'तुझी अम्मा... नाही टाकली... मला.'

'अम्मा मेली,' मी म्हणालो. असं उघड, असं कोरडं मी आयुष्यात त्यांच्याशी बोललो नव्हतो. ते भिंतीकडे वळायचा प्रयत्न करू लागले आणि त्यांना एकट्याने वळता येईना. मला त्यांना वळवून द्यावं लागलं. त्यांनी माझ्याकडे पाठ करावी म्हणून मीच हात लावला. त्या दिवशी हौदावर माझ्याकडून एकही कागद धड निघाला नाही.

हडपसर कसब्यापासून तीन कोसांच्या आत-बाहेर असेल, पण बैलगाडीत आजारी माणूस घातला की ते अंतर वाढतं. खाली कडबा, त्यावर दोन गाद्या, बाजूला मी. भवानी पेठ मागे पडल्यावर उघडा रस्ता लागला. प्रत्येक खड्ड्याला मी त्यांच्या डोक्याखाली हात घालायचो. ते डोळे मिटून होते. आपा वेशीपर्यंत आली होती. तीस वर्षं गावात राहून तिची भाषा गावची झाली होती. अब्बांच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, 'लई थकलाय म्हातारा. ऱ्हाऊ दे माझ्याकडं.' मी परत निघालो तेव्हा अब्बांनी डोळे उघडले नाहीत.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी जसा झोपलो तसा लग्नाआधीही झोपलो नसेन. कंबर हलकी झाली. साचा सपाट उठू लागला. कारकुनाने दस्ता चाचपला आणि काहीच बोलला नाही, हीच त्याची शाबासकी. मला वाटलं, जमलं. अम्माने जे केलं नाही ते मी वेळेवर केलं.

एका सकाळी हौदावरून मान वर केली तर समोर भिंत होती. खालच्या अर्ध्या भिंतीवर कागद लागले होते, वरची अर्धी मोकळी. ऊन तर वरच आधी येतं, तिथले कागद आधी वाळतात, म्हणून आम्ही नेहमी वरून सुरुवात करतो. मी बायकोला म्हणालो, वर का लावत नाहीस. तिने पुढचा ओला कागद उचलला आणि डाव्या हाताने खालीच चिकटवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुंचा तिच्या डाव्या हातात आहे. ती डावखुरी नाही.

मी हौदावरून उठून तिच्याजवळ गेलो आणि उजवा हात वर करायला सांगितलं. तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच थरथरत थांबला.

'कधीपासून?'

'तुम्ही चार दिवस पडला होतात ना, तेव्हापासून. दोघांना वळवत होते.'

'सांगितलं का नाहीस?'

तिने कुंचा पाण्यात ठेवला. ती कधी आवाज चढवायची नाही, तेव्हाही चढवला नाही. म्हणाली, 'तुमच्या पाठीचं ठरलं. अब्बांचं ठरलं. आपांनाही निरोप गेला. सगळं ठरवून झाल्यावर तुम्ही मला सांगितलंत. शुक्रवारी तुम्ही नदीवर बसायचात तेव्हा अब्बांना कोण उचलत होतं, असं वाटलं तुम्हाला?'

मला काही वाटलंच नव्हतं. खरं तेच आहे. मी शुक्रवारी परत यायचो तेव्हा अब्बा स्वच्छ असायचे, कुशीवर असायचे, पेज झालेली असायची, आणि ते कुणीतरी केलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी अम्माकडे बघितलं नव्हतं, त्याचं मी वर्षभर दुःख केलं, आणि त्याच घरात त्याच भिंतीसमोर पुन्हा तेच केलं. मी तिथे भिंतीशी बसलो. ती माझ्याजवळ बसली नाही. कागद सुकायच्या आत लावून टाकायचे होते, ते तिने लावले, खालच्या खाली.

वस्तादांनी तिचा खांदा बघितला, म्हणजे हात न लावता, तो कसा दाबायचा ते मला शिकवलं आणि स्वतः लांब बसून सांगत राहिले. म्हणाले, वेळ गेला आहे, हात पूर्ण वर जाईल असं धरून चालू नका. मला वाटलं ते मला काही टोचून बोलतील. बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दोन महिने संपायच्या आधीच आपाचा निरोप आला, या म्हणून. अब्बांच्या माकडहाडाशी पावलीएवढी जखम झाली होती. आपा मला घराबाहेरच भेटली आणि रडायलाच लागली. म्हणाली, 'दिसभर ठीक हाय रे, पण एकटीला वळवाया येत न्हाई. तुमचे भावजी हात लावत न्हाईत. म्या न्हाई केलं असं नगं समजू.' मी तिला काय म्हणणार होतो? मी तिच्याकडे बाप पोचवला होता. विटा, दोर, उचलायची रीत, यातलं काहीच पोचवलं नव्हतं. ती अम्मासारखीच एकटी करत होती. येताना गाडीत अब्बा पालथे होते. वाटेत त्यांनी माझा अंगरखा धरला तो कसबा येईपर्यंत सोडला नाही.

ती जखम भरायला अख्खा पावसाळा गेला. दिवसातून दोनदा धुवायची, हकिमांचं मलम लावायचं, दर प्रहराला कूस बदलायची. तो पावसाळा मला सलग असा आठवत नाही. ओल्या कापडांचा वास आठवतो, आणि आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलायचो ते आठवतं.

पण त्याच पावसाळ्यात, काम बंद असताना, आम्ही दोघांनी बसून पुन्हा ठरवलं. या वेळी ती आधी बोलली. तिला काय हवं ते तिने मनात कधीचं तयार ठेवलं होतं. तिचं माहेर खडकीला, दीड कोसावर. महिन्यातून दोनदा, दोन-दोन दिवस तिने तिकडे जायचं, आणि त्या दिवसांत इकडून निरोप जायचा नाही, अगदी कुणी मरायला टेकलं तरच. शुक्रवार मला राहील, पण आधी अब्बांचं दुपारचं सगळं उरकून. उचलायचं दोघांनी मिळून, ती पायांकडून. वरच्या भिंतीवर कागद मी लावायचे. आणि हकीम येतील तेव्हा त्यांनी तिघांचीही नाडी बघायची. हे शेवटचं मी सुचवलं. हकिमांनी आधी तिचा हात मागितला.

पुढच्या उन्हाळ्यात अब्बा हडपसरला गेले नाहीत. आपाच महिनाभर आमच्याकडे आली, आणि वस्तादांनी सांगितलेलं सगळं मी तिला शिकवलं. मला उचलून दाखव म्हणालो. तिने मला गुडघे वाकवून छातीशी धरून उचललं आणि अब्बा हसले. त्यांचं हसू अर्ध्याच तोंडाने यायचं, पण ते हसू होतं.

बायको पहिल्यांदा खडकीला गेली तेव्हा मी पेज करपवली. वस्तीत चर्चा झाली की कागद्याची बायको रुसून गेली. एका म्हाताऱ्याने मला मशिदीच्या पायरीवर थांबवून विचारलं, बापाची सेवा करायला सुनेला सुट्टी लागते का. मी म्हणालो, हो, लागते. नंतर बरेच दिवस तो सलामाला नुसती मान हलवायचा.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं असं नाही. कितीतरी शुक्रवार बुडाले. बैठका हिवाळ्यात चुकायच्या. तिच्या आईच्या आजारपणात ती खडकीला जाऊन आरामाऐवजी तिथेही सेवाच करून यायची, आणि आली की दोन दिवस कुणाशी बोलायची नाही. माझी पाठ आणखी दोनदा अडकली, पण आता मला पडण्याआधी कळायचं आणि मी थांबायचो. अब्बा काही साधे नव्हते. पेज गरम म्हणायचे, गार म्हणायचे, मी घोट देताना मुद्दाम तोंड फिरवायचे. मला राग यायचा. राग आला की मी बाहेर जाऊन लगदा कुटायचो. कधी कधी असंही मनात यायचं, की संपावं हे आता. ते मी बायकोला एकदा सांगितलं. ती म्हणाली, 'मला तर रोज येतं.' त्यानंतर आम्ही दोघंही थोडे हलके झालो.

त्यांच्या शेवटच्या वर्षात एक झालं. सकाळी बायको पायांकडे उभी राहिली की अब्बा दोर धरण्याआधी तिच्या खांद्याकडे बघायचे आणि विचारायचे, 'हात?' ती म्हणायची, 'आज बरा आहे.' मग ते दोर धरायचे. तिने कधी 'दुखतोय' म्हटलं की ते दोर सोडून द्यायचे आणि डोळ्यांनी मला सांगायचे, तू एकट्याने कर. असं कधी त्यांच्याकडून येईल असं मला वाटलं नव्हतं. अम्मालाही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

अम्मानंतर अब्बा सहा वर्षं जगले. गेले ते थंडीत, भर दुपारी, मी त्यांची नखं कापत असताना. दोन बोटं राहिली होती. बायको खडकीला होती. निरोप गेला आणि ती संध्याकाळच्या आत पायी आली. दारातच म्हणाली, 'मी असायला हवी होते.' मी म्हणालो, तू सहा वर्षं होतीस. तिला ते पुरलं नाही. अजूनही पुरलेलं नाही.

दफन झालं. आपा आली, राहिली. अब्बांची बाज उन्हात धुऊन उभी केली, विटा शेजाऱ्याने चुलीला नेल्या. माझी कंबर आजही गार पाण्यात हात घातला की डावीकडे ओढते, आणि बायकोचा हात भिंतीच्या वरच्या ओळीला पोचत नाही. वस्तादांनी सांगितलं होतं तसंच झालं. पण आम्ही दोघं होतो, चालतेफिरते. हकीम मला म्हणाले, तुम्ही नीट निभावलंत. मी त्यांना सांगितलं की उशिरा निभावलं.

तिसऱ्या दिवसाचं आटोपल्यावर बायको आतल्या खोलीत जाऊन पडली. सकाळ झाली, उन्हं अंगणात आली, ती उठली नाही. मी एकदा जवळ जाऊन श्वास बघितला. शांत झोपली होती, उजवा हात उशाखाली. वस्तीतल्या बायका पुरशाला, समाचाराला येत होत्या, आणि सून अजून झोपलेली बघून त्यांच्या चेहऱ्यांवर काय येतंय ते मला दिसत होतं. मी उंबऱ्यावर बसलो. येईल तिला म्हणालो, 'ती झोपली आहे. दुपारनंतर या.' दुपारीही ती उठली नाही. मग मी दार लोटून घेतलं, पेज चुलीवर ठेवली आणि आपाला म्हणालो, भांडी वाजवू नकोस.